गुणी पोर

त्या साली करंजवाडीत भाताची आवणी उशिरा लागली. मृगानं हुलकावणी दिली, आर्द्रानं नुसतं तोंड ओलं केलं, आणि आषाढ निम्मा सरला तेव्हा कुठं खाचरांत पाणी उभं राहिलं. राबातली तरव्याची रोपं तोवर पिवळी पडायला लागली होती. आता जो तो घाईला आला. वाडी भाटघरच्या धरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत. खालची चांगली जमीन धरणाच्या पाण्यात गेली आणि वाडीच्या वाट्याला उरली ती उतारावरची खाचरं, एकाखाली एक. माणसं थोडी, आणि प्रत्येकाला आपली आवणी आधी व्हायला हवी. म्हणून सावड. आज सगळी माझ्या खाचरात, उद्या सगळी तुझ्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस.

सावडीतून बाळंतीणही सुटत नाही. पोर बांधावर, आई चिखलात. त्या साली बांधावर एकाच इरल्याखाली, एकाच पाटीत, दोन पोरं असायची. एक फुलाबाईचा ज्ञानू, माघातला. दुसरी पारूबाईची बया, चैत्रातली. पोरं दोन होती, आया दोन होत्या, पण पाजणारी एकच होती.

पारूबाई कुंडलिकाची बायको. पहिलटकरीण. बया महिन्याची व्हायच्या आत तिच्या उजव्या थानाला गाठ आली, गाठीचं गळू झालं, आणि अंगात असा ताप भरला की ती चार माणसांना ओळखेना. वाडीतली सुईण सखूबाई. तिनं वस्तरा तापवून गळू फोडलं. घमेलंभर पू गेला म्हणतात. त्यात लोकांनी वाढवून सांगितलेलं सोडलं तरी निम्मं खरं असणार. पारूबाई जगली, पण त्या बाजूचा भाग चामड्यासारखा घट्ट झाला आणि दुसऱ्या बाजूचं दूधही तापात आटलं. पोर ओढून ओढून थकायची, तोंड सोडून किंचाळायची, आणि पारूबाई भिंतीकडं तोंड करून बसायची. सासूनं, ठकुबाईनं, अळीव घातलं, खसखस घातली, देवाला कौल लावला. काही उपयोग झाला नाही.

कुंडलिकानं वरच्या धनगरवाड्यावरून शेळीचं दूध आणलं. ठकुबाईनं ते तसंच, धारोष्ण, बोळ्यानं पोरीला पाजलं आणि पोरीला पाण्यासारखी हगवण लागली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. तेव्हा फुलाबाई आपणहून आली. ती भावकीतलीच, कुंडलिकाच्या चुलतभावाची, म्हादूची बायको. म्हणजे पारूबाईची थोरली जाऊ. ती दारात उभीही राहिली नाही, सरळ आत आली, पारूबाईच्या मांडीवरून पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. पोरगी अशी लागली की घोट गिळल्याचा आवाज सगळ्या घराला ऐकू आला. ठकुबाईनं डोळ्याला पदर लावला. पारूबाईला आनंद झाला, हे तर खरंच, पण त्या आनंदात कुठंतरी बारीक काटा होता. आपल्या लेकराचं तोंड दुसरीच्या अंगाला इतकं सहज कसं लागलं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली.

फुलाबाईचं आधीचं एक पोर जन्मून चार दिवसांत गेलं होतं. ज्ञानू दुसरा. त्यामुळं ती त्याला डोळ्यांआड करायची नाही, आणि तरीही तिनं दुसरीचं पोर पदरात घेतलं. अशी ती बाई होती.

आवणी लागली तेव्हा ठकुबाईनं व्यवहार लावून दिला. फुलाबाई पाजायला बांधावर गेली की तिची पात, तिच्या वाट्याचा लावणीचा पट्टा, पारूबाईनं ओढायची. म्हणजे सावडीत कुणी नाव ठेवायला नको.

"राहू द्या वो आत्ती," फुलाबाई म्हणाली. "लेकराच्या पोटाला का पात लावायची?"

पण पारूबाईनं ते दोन्ही हातांनी धरलं. फुकटाचं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. फुलाबाई उठली की ती आपल्या पातीतून शेजारच्या पातीत सरकायची आणि दोन्ही पाती एकदम ओढायची. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्या हातानं तीन-तीन, चार-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, एक पाऊल मागं सरायचं. पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस, पायाच्या बोटांच्या बेचक्या चिखलानं खाल्लेल्या. कंबर मोडून यायची. पारूबाईला ते बरं वाटायचं. कंबर मोडली की देणं थोडं फिटल्यासारखं होई.

पहिले काही दिवस ठीक गेले. फुलाबाई बांधावर यायची, चिखलाचे हात पाटाच्या पाण्यात धुवायची आणि जे पोर जागं असेल ते आधी घ्यायची. दोन्ही झोपलेली असली तर ज्ञानूला आधी. त्यात वावगं काय? पोटचं पोर ते. एक दिवस असंच झालं. ज्ञानू पोटभर प्यायला, मग बयाला घेतलं, आणि बया जराशानं तोंड सोडून रडायला लागली. फुलाबाईनं बाजू बदलली. पोरगी पुन्हा रडली.

"सरलं गं," फुलाबाई पारूबाईला हाक मारून म्हणाली. "भरू दे जरा. सांजच्याला पाजीन पोटभर."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोरगी कुरकुरत राहिली. पारूबाईला चिखलातून तो आवाज ऐकू येत होता. तो आवाज तिला हगवणीच्या दिवसांतला वाटला. तेच खोल गेलेले डोळे तिला दिसायला लागले. तिच्या हातातल्या काड्या वाकड्यातिकड्या लागल्या आणि ठकुबाईनं तिला चार बायकांत टोकलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमाराला फुलाबाई कंबर ताठ करून उभी राहिली. आता ही बांधाकडं निघणार. पारूबाई तरव्याची जुडी आणायचं निमित्त करून तिच्या आधी बांधावर गेली. पाटीत दोन्ही पोरं झोपलेली होती. ज्ञानूची मूठ बयाच्या छातीवर होती. पारूबाईनं इकडंतिकडं पाहिलं, पोरीचं पाऊल फडक्यातून बाहेर ओढलं आणि टाचेच्या वर, मऊ मांसाला नखानं चिमटा काढला.

पोरगी किंचाळली. ज्ञानू दचकला, पण परत झोपला.

"आले, आले गं माजी बाई," म्हणत फुलाबाई लगबगीनं आली आणि तिनं बयाला उचललं.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो. पारूबाईनं त्या म्हणीचा धंदाच केला. त्या दिवशी बया पोटभर प्याली आणि दुपारभर गाढ झोपली. पारूबाईनं स्वतःला सांगितलं की हे एकदाच. मग सांगितलं की आजच्या दिवस. मग सांगणं बंद झालं. फुलाबाई कंबर ताठ करी, पारूबाई जुडी आणायला जाई, पोरगी रडे. पुढं पुढं तर आईचा ओला हात पायाला लागला की पोरगी चिमट्याच्या आधीच तोंड वाकडं करायला लागली. ते पारूबाईला दिसायचं. तरी तिचा हात थांबला नाही.

बया भरली. गालांना खळ्या पडल्या, मनगटाला वळ्या आल्या. बायका म्हणायच्या, पारूच्या पोरीनं बाळसं धरलं. कुणी गमतीनं म्हणायची, फुलाबाईचं दूध मोठं अंगी लागणारं, एखादा थेंब आमच्या रेडकालाही दे. फुलाबाई हसायची. तिला त्याचा अभिमान वाटायचा. आणि ज्ञानूविषयी कुणी विचारलं की म्हणायची, "माजा लई गुनी हाय. रडतच न्हाई. पाजलं तर पितो, न्हाई तर पडून ऱ्हातो आपला."

खरंच तो पडून राहायचा, रात्री आईच्या कुशीतही मागायचा नाही. डोळे उघडे, इरल्याच्या काड्यांकडं लागलेले. अशी गुणी पोरं पाहिली की शहाण्या बाईनं घाबरावं, पण आवणीच्या दिवसांत शहाणपणाला सवड कुणाला असते? सगळ्यांना बरंच वाटायचं की एक तरी पोर त्रास देत नाही.

एका सरीत पाटी भिजली म्हणून पारूबाईनं दोन्ही पोरं दोन हातांवर उचलली आणि झाडाखाली पळाली. झाडाखाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं की डावा हात दुखतोय आणि उजवा दुखत नाही. उजव्या हातावर ज्ञानू होता. दोन महिन्यांनी मोठा. त्याची मांडी तिच्या बोटांत मावत होती आणि कातडी सुटी झाली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. ज्ञानूही तिच्याकडं बघत होता, तक्रार काही नाही.

त्या दिवसापासून पारूबाईनं आपल्या वाटणीची भाकरी फुलाबाईला द्यायला सुरुवात केली. मला भूक नाही म्हणायची, पोटात गुबारा धरलाय म्हणायची, आणि नाचणीची भाकरी आणि लसणीचं तिखट तिच्या पुढ्यात सरकवायची. फुलाबाई नको नको म्हणत खायची. तीही उपाशीच असायची, आषाढात कुणाच्या कणगीत काय असतं? पारूबाई रिकाम्या पोटी दोन पाती ओढायची, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. भाकरी दिली, पात ओढली, कंबर मोडली. सगळं दिलं. फक्त चिमटा सोडला नाही. जे सोडायला हवं होतं तेच तेवढं सोडवेना.

आणि मग ज्ञानूला हगवण लागली.

एक दिवस फुलाबाई सावडीला आलीच नाही. म्हादू एकटा आला, तोंड उतरलेलं. पोरानं दोनदा ओकलं, टाळू खाली गेलीय, म्हणाला. दुपारी पारूबाई बयाला घेऊन त्यांच्या घरी गेली. तिला वाटलं होतं, आज तरी फुलाबाई आपल्या पोरीला नाही म्हणेल. पण फुलाबाईनं ज्ञानूला जोत्यावर गोधडीत ठेवलं आणि हात पुढं केले. म्हणाली, ह्यो तर पीतच नाही, हिला तरी दे, भरून माझं अंग दुखतंय. बया दोन्ही बाजूंनी प्याली. ज्ञानू शेजारी पडून होता. त्याच्या ओठांवर माशी बसली तर ती हाकलायला त्यानं मान हलवली नाही. माशी पारूबाईनं हाकलली.

घरी आल्यावर तिनं कुंडलिकाला सांगितलं की आपल्याला शेळी हवी. आजच हवी. कुंडलिक चिखलणी करून आला होता, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे पडलेले. त्यानं विचारलं की मागं बाधलं होतं ते विसरलीस का. ती म्हणाली, पोर आता मोठी झालीय. तो म्हणाला, फुलावहिनी पाजतीय की, मग कशाला? त्यावर तिनं उठून बयाला काखेत घेतलं आणि डोक्यावर इरलं घेतलं. तेव्हा तोही उठला.

धनगरवाडा वर पठारावर. वाट निसरडी, ढग अंगावरून जाणारे. धनगर कोंडिबानं एक तांबडी शेळी अर्धेलीनं दिली. म्हणजे पोसायची यांनी, करडं होतील ती निम्मी त्याची. त्याच्या बायकोनं बयाला हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं की निम्मं दूध, निम्मं पाणी, त्यात सुंठीचा खडा टाकून चांगलं उकळायचं आणि कोमट पाजायचं. नुसतं पाजलंत म्हणून बाधलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं उतरताना पारूबाईच्या मनात आलं. पण वाडीपासून धनगरवाडा तसा लांब नव्हता. विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं.

बयाला ते दूध पचलं. पहिल्या दिवशी थुंकली, दुसऱ्या दिवशी प्याली. पारूबाईनं फुलाबाईला निरोप धाडला की आता पोरीला शेळीचं देतेय, तुम्ही ज्ञानूकडं बघा. तिला वाटलं, आता सगळं दूध ज्ञानूचं. पोर उठून बसेल, आणि जे झालं ते तिच्या एकटीच्या पोटात राहील. चोरी परत केली की चोर सुटला, असा तिचा हिशोब होता.

वाडीनं दुसराच हिशोब केला. पारूनं पोरगी दुधावरून तोडली. का तोडली? ज्ञानू फुलाबाईच्या दुधावर आजारी पडला, म्हणून तोडली. म्हणजे दूधच बाधतंय. पारू हुशार, तिनं वेळीच ओळखलं. पाणवठ्यावर हे बोलणं झालं, बांधावर झालं, आणि पारूबाईच्या तोंडावर बायकांनी तिला शहाणी म्हटलं. तिनं खाली मान घालून काड्या लावल्या. सखूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती वाटी घेऊन फुलाबाईकडं गेली. वाटीत दूध पिळून घेतलं, त्यात एक मुंगी सोडली. मुंगी दोन हेलकावे खाऊन मेली. ती पाण्यातही मेली असती, ताकातही मेली असती, पण सखूबाईला तेवढं पुरलं. दूध नासलंय, पोराला थेंब द्यायचा नाही, तांदळाची पेज द्यायची आणि दूध पिळून राखेत टाकायचं, असं सांगून ती गेली.

पारूबाईला हे संध्याकाळी ठकुबाईनं सांगितलं. सांगताना म्हणाली, बरं झालं बाई आपली पोर वाचली. पारूबाई परातीतलं पीठ तसंच टाकून उठली.

तिनं कुंडलिकाला गोठ्यात गाठलं. शेळीची धार काढत होता तो. तिनं सगळं सांगितलं, पहिल्या चिमट्यापासून. सांगून झालं तरी कुंडलिक खाली बघून धार काढत राहिला. भांडं भरल्यावर उठला.

"कुनाला सांगितलंस?"

"कुनाला न्हाई. आता आक्कास्नी सांगती."

"गप बस." त्यानं आवाज दाबला. "भावकी हाय. म्हादू माजा भाव हाय. उद्या पोर गेलं तर म्हनत्याल, हिनं मारलं. पोरगी जगली न्हवं आपली? झालं मग."

"त्यो पेजेवर जगनार न्हाई."

"त्याचं नशीब," कुंडलिक म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. त्यानं भांडं तिच्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेला. पारूबाईनं ते दूध उकळलं, पोरीला पाजलं. पोरगी आता चमच्यानं पिताना तिच्या तोंडाकडं बघत असे, हसतही असे. पारूबाईला त्या हसण्याकडं बघवेना.

सकाळी बयाला घेऊन सावडीला जाताना ती बायकांच्या मागं रेंगाळली आणि फुलाबाईच्या घराकडं वळली. पाऊस बारीक लागला होता. दार उघडं होतं. फुलाबाई चुलीपाशी बसली होती, पदर खाली पडलेला, चोळी सोडलेली. दोन्ही बाजू दगडासारख्या टणक भरून आल्या होत्या, त्यावर निळ्या शिरा. ती एका हातानं दाबत होती आणि दुधाच्या बारीक धारा चुलीपुढच्या राखेत पडत होत्या. राखेचे गोळे झाले होते. दाबताना ती दात आवळून धरत होती. बाजूला गोधडीवर ज्ञानू पडला होता. त्याच्या ओठांच्या कडेला पेज वाळली होती. डोळे उघडे होते. आवाज नव्हता.

"आक्का, टाकू नगा," पारूबाई उंबऱ्यातून म्हणाली. "तुमचं दूध चांगलं हाय."

फुलाबाईनं वर पाहिलं. "मग तू पोरगी का तोडलीस?"

पारूबाई आत येऊन जमिनीवर बसली. तिनं बयाला मांडीवर घेतलं, तिचं पाऊल उघडं केलं आणि दाखवलं. टाचेच्या वर बारीक नखांच्या खुणा होत्या. काही जुन्या, काळ्या पडलेल्या.

"ह्ये म्या केलं. तुमी बांधावर यायच्या आधी म्या हिला चिमटा काडायची. ही रडावी, आन तुमी हिला आधी घ्यावं, म्हनून."

फुलाबाईला लगेच कळलं नाही. ती त्या पावलाकडं बघत राहिली.

"कवा?"

"रोज."

"रोज म्हंजे एकदा?"

"न्हाई. दर येळेला." पारूबाईनं पोरीचं पाऊल झाकलं. "ज्ञानूला उरलेलं मिळायचं. कवा उरायचं, कवा न्हाई. त्याला बाधलंबिधलं काय न्हाई, आक्का. त्यो उपाशी हाय."

फुलाबाईचा हात थांबला. दूध आपोआप टपकत होतं. मग ती उठली, ज्ञानूला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड लावलं. त्याला ओढता येईना. ओठ लागायचे आणि सुटायचे. तिनं बोटानं त्याचं तोंड उघडलं आणि धार सरळ आत पिळली. तो ठसकला. पुन्हा पिळली. घोट आत गेला. तिसऱ्यांदा त्याची हनुवटी हलली, एकदा, मग परत. फुलाबाईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. पारूबाई मार बसायची वाट बघत होती. शिव्या मिळतील, केस धरून बाहेर काढील, म्हादूला हाक मारील. तसं झालं असतं तर तिला सोसवलं असतं.

फुलाबाई तिच्याकडं न बघता बोलली.

"गुनी हाय म्हनायची म्या ह्याला. वाडीभर सांगत फिरले. रडत न्हाई, किरकिर न्हाई." तिनं पोराच्या टाळूवर हात ठेवला. "त्यो भुकेनं गप पडत हुता, आन म्या त्याचं कवतिक करत हुते."

पारूबाईनं तिचे पाय धरायला हात पुढं केला. फुलाबाईनं पाय आखडून घेतले.

"जा तू," ती म्हणाली. "पात अडंल तुजी."

पारूबाई उठली. बया फुलाबाईच्या वासानं तिच्याकडं झेपावली, तोंड उघडून मान वळवून रडली. फुलाबाईनं तोंड चुलीकडं केलं. पोरगी रस्ताभर रडत राहिली, आणि या खेपेला तिला कुणी चिमटा काढला नव्हता.

ज्ञानू जगला. काही दिवस त्याचं खरं नव्हतं. फुलाबाई सखूबाईचं न ऐकता त्याला पोटभर पाजत राहिली, त्यावरून म्हादूचं सखूबाईशी भांडण झालं, सखूबाई रुसली, पण पोराची हगवण थांबली आणि टाळू वर आली तेव्हा तिनंच सांगितलं की मुंगीचा गुण आला, दूध शुद्ध झालं. वाडीला ते पटलं. फुलाबाईनं कुणाला वेगळं काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पारूबाई रोज वाट बघायची की आज बोल लागेल, उद्या लागेल. पाणवठ्यावर कुणी जरा आवाज खाली केला की ती घागर अर्धीच भरून निघायची.

आवणी सरत आली तेव्हा सावड कुंडलिकाच्या वरच्या खाचरात आली. फुलाबाईला त्यांचा एक दिवस फेडायचा होता. सावडीचा दिवस बुडवत नाहीत, म्हणून ती आली. पाटी वेगळी आणली होती. बांधाच्या त्या टोकाला ज्ञानू, या टोकाला बया. मध्ये बायकांच्या चपला आणि भाकऱ्यांची फडकी. फुलाबाईची पात पारूबाईच्या शेजारी आली, तशीच ती पहिल्या दिवसापासून येत होती, आणि ती बदलायची तर कारण सांगावं लागलं असतं. दोघी वाकल्या. पावसानं उघडीप दिली होती, पाण्यावर ऊन पडून डोळे दिपत होते.

न्याहारीच्या आधीच बांधाच्या त्या टोकाला ज्ञानू रडला. चांगला गळा काढून, हातपाय झाडून. सगळ्या बायका ताठ उभ्या राहून बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, घ्या, ह्याला कंठ फुटला. सगळ्या हसल्या. फुलाबाई हातातली मूठ टाकून निघाली. बांधावरून जाताना वाटेत बयाची पाटी होती. पोरीच्या अंगावरचं फडकं सरकलं होतं. फुलाबाईनं ते ओढून सारखं केलं आणि पुढं गेली. ज्ञानूला घेऊन ती पाठमोरी बसली.

पारूबाई चिखलात होती. सवयीनं म्हणा, नाहीतर दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून म्हणा, ती फुलाबाईच्या पातीत सरकली. दोन्ही पाती ओढायला लागली. हात असे चालले होते, जणू कुणी मागं लागलंय. फुलाबाई पाजून परत येईतो तिनं चांगल्या चार-पाच ओळी मागं सरून लावल्या होत्या.

फुलाबाई खाचरात उतरली. आपल्या पातीकडं तिनं पाहिलं. मग ती पुढं जिथून पारूबाईनं सुरुवात केली होती तिथं गेली, वाकली आणि लागलेली रोपं उपटायला लागली. एकेक चूड, रोपांचा झुबका, उपटायची, पाण्यात खळबळून मुळांचा चिखल धुवायची, आणि त्याच भोकात आपल्या हातानं पुन्हा लावायची. एक ओळ झाली, दुसरी धरली. शेजारच्या बायका थांबल्या.

"अगं फुले," ठकुबाई तिकडून म्हणाली, "लागलेली रोपं का उपटतीस?"

"वाकडी लागली हुती, आत्ती," फुलाबाई म्हणाली.

पारूबाईच्या ओळी वाडीत कुणाच्या नसतील इतक्या सरळ होत्या. उपटायच्या राहिलेल्या ओळी सगळ्यांसमोर होत्या. ठकुबाईनं त्या पाहिल्या, मग सुनेकडं पाहिलं, आणि परत वाकली. बाकीच्याही वाकल्या.

पारूबाई आपल्या पातीत परतली होती. शेजारी धुतल्या जाणाऱ्या मुळांचा चिखल तिच्या दंडावर, तोंडावर उडत होता. तिनं तो पुसला नाही. मागं राहिलेली फुलाबाई आपल्या सगळ्या ओळी पुन्हा लावत लावत तिच्या बरोबरीला आली तेव्हा पारूबाईनं हात सावकाश केला, तिनं काही बोलावं म्हणून. फुलाबाईनं नवी मूठ सोडवली आणि ती तिला ओलांडून गेली.